पडणे आणि पाडणे

छायाचित्र घेणे आणि घेतलेल्या छायाचित्रांतून एक निवडून स्पर्धेसाठी पाठविणे या दोन भिन्न कृती आहेत. पहिलीविषयी सौंदर्यविचारात बरेच लिहिले गेले आहे. दुसरी मात्र केवळ व्यवहाराची बाब मानली जाते. वस्तुतः नैतिक प्रश्न दुसऱ्या कृतीतच अधिक स्पष्टपणे उभा राहतो. टिपण्याच्या क्षणी प्रकाश, घाई आणि योगायोग यांचा वाटा असतो. निवडीच्या वेळी यांपैकी कोणतीही सबब उरत नाही. येथे छायाचित्रकार आपल्या कामाचा पहिला समीक्षक होतो आणि त्याच वेळी परीक्षकाची नजरही आगाऊ स्वीकारतो. विषय शहराच्या ऱ्हासाचा असेल, तर या दुहेरी नजरेला काय सुंदर वाटते आणि ते का वाटते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरण घेता येईल. लालबाग-परळ भागातील एखाद्या बंद गिरणीची तीन छायाचित्रे छायाचित्रकारासमोर आहेत, अशी कल्पना करावी. पहिल्यात साचे काढून नेलेले विणाईचे दालन आहे : लोखंडी खांबांच्या ओळी, करवतीच्या दातांसारख्या छपरातून तिरपा उतरणारा उजेड आणि भिंतीत रुजलेला पिंपळ. दुसऱ्यात एक वृद्ध कामगार गिरणीच्या भिंतीला टेकून बसला आहे. तिसऱ्यात केवळ फाटक आहे. फाटक गंजलेले, त्यावरचे कुलूप मात्र नवे. स्पर्धांना सरावलेली नजर बहुधा पहिल्याकडे वळेल. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे तर संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तिन्ही तत्त्वे तेथे सहज दाखविता येतात. ही निवड अभिरुचिहीन म्हणता येणार नाही. चित्र खरोखरच सुंदर आहे, आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

गेओर्ग झिमेल यांनी १९०७ साली भग्नावशेषांवर लिहिलेल्या निबंधात या सौंदर्याची मीमांसा केली आहे. वास्तुकलेत वर उठू पाहणारी मानवी इच्छा आणि खाली ओढणारी निसर्गशक्ती यांचा तोल साधलेला असतो. भग्न वास्तूत तो निसर्गाच्या बाजूने ढळतो आणि माणसाची निर्मिती निसर्गाचीच निर्मिती वाटू लागते. मात्र विध्वंस माणसाने केल्याचे जेथे जाणवते तेथे हे आकर्षण मंदावते, असेही झिमेल नोंदवितात. पहिल्या चित्रातील पिंपळाचे कार्य यावरून उलगडते. तो मानवी कृतीला निसर्गक्रमाचे रूप देतो. प्रत्यक्षात पिंपळाने गिरणी रिकामी केली नाही. गिरणी रिकामी झाली म्हणून पिंपळ रुजला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीतील वाटा खुल्या जागांना आणि सार्वजनिक घरांना ठरवून दिला. २००१ च्या दुरुस्तीने तो मोकळ्या जमिनीपुरता मर्यादित झाला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. या घटनांना तारखा आहेत आणि कर्तेही आहेत.

मराठी भाषेत हा भेद एका स्वराचा आहे. ‘गिरणी बंद पडली’ या वाक्यात क्रिया आपोआप घडते. ‘गिरणी बंद पाडली’ म्हणताच कर्त्याची अपेक्षा निर्माण होते. हा कर्ता कोण, याविषयी एकमत नाही. मालकपक्षाने हे वाक्य संपाच्या नेतृत्वाविषयी उच्चारले, कामगारांनी मालकांविषयी आणि शासनाविषयी. परंतु ‘पाडली’ या क्रियापदात निदान हा वाद जिवंत राहतो. ‘पडली’ त्याला मिटवून टाकते. पहिले छायाचित्र ‘पडली’ म्हणणारे आहे. त्याला ‘काळाचा महिमा’ असे शीर्षक दिले की वाद कायमचा मिटतो.

ही गोष्ट मुंबईपुरती नाही. डेट्रॉइटमधील मिशिगन सेंट्रल स्थानकातून १९८८ साली शेवटची गाडी गेली आणि पुढे ते शहरी ऱ्हासाच्या छायाचित्रांचे आवडते स्थळ बनले. त्या काळातही, २०१० च्या जनगणनेनुसार, शहरात सात लाखांहून अधिक माणसे राहत होती. अशा चित्रांत ती क्वचितच दिसली. फोर्ड कंपनीने २०१८ साली वास्तू विकत घेतली आणि २०२४ साली ती पुन्हा खुली झाली. भांडवल परतताच ऱ्हासही थांबला. म्हणजे तो काळाचा नियम नव्हता.

यावर साधारणीकरणाचा आक्षेप येऊ शकेल. कला विशिष्टाचे बंधन सोडविते म्हणूनच शोकाचा करुण होतो. मग गिरणीचा इतिहास चित्रात कशासाठी हवा? पण साधारणीकरण म्हणजे कारणाचा लोप नव्हे. नाट्यशास्त्राने करुणाचे विभाव सांगताना इष्टजनांचा वियोग, वैभवनाश, वध, बंधन यांची गणना केली आहे. शोक कोणा एकाचा राहत नाही, हे खरे. तो कशाने झाला, हे मात्र रंगभूमीवर दिसावेच लागते. विभावाशिवाय उरते ती केवळ हळवी मनःस्थिती. म्हणून पहिल्या चित्राचा दोष नैतिक आहे तसा वाङ्मयीन अर्थानेही दोषच आहे.

मग वृद्ध कामगाराचे चित्र निवडावे काय? चौकटीत माणूस आणल्याने प्रश्न सुटत नाही. दैन्यालाही उपभोगाची वस्तू बनविणाऱ्या छायाचित्रणावर वाल्टर बेंयामिन यांनी १९३४ सालीच आक्षेप घेतला होता. येथे तो कामगार खांब आणि पिंपळ यांच्याच जातीचा, आणखी एक भग्नावशेष ठरतो. बक्षीस दुसऱ्याचे, सुरकुत्या त्याच्या, हा व्यवहार करुणेच्या नावाखाली झाला तरी व्यवहारच राहतो.

तिसरे चित्र कोणावरही आरोप करीत नाही. नव्या कुलपामुळे एवढेच कळते की किल्ली कोणाजवळ तरी आहे. गंज आणि चकाकी यांचा विरोध तेथे रचनेचा आहे आणि अर्थाचाही. कर्त्याची जागा रिकामी आहे, पण ती जागा आहे हे दिसते. असे चित्र कदाचित बक्षीस मिळविणार नाही. ते पाठविणाऱ्याने ही शक्यता ओळखूनच निवड केली पाहिजे. त्याच्या संग्रहात असे एकही चित्र नसेल, तर स्पर्धेला न उतरल्याने तो निर्दोष ठरत नाही. आपला कॅमेरा इतके दिवस काय शोधत होता, एवढे त्याला उमगते, आणि पुन्हा त्या फाटकापाशी जाण्यास ते पुरेसे कारण आहे.