एकाच श्रीमुखातील दोन आज्ञा



सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेला अहिंसेचा आचार इतका सूक्ष्म आहे की मुंगीच्या जिवाचीही त्यात चाड राखली आहे. पारध्यांच्या भयाने धावत आलेला ससा स्वामींच्या आश्रयास विसावला, ही लीळा आपल्या घरची लेकरेही जाणतात. असे असता ज्या श्रीकृष्णचक्रवर्तींना आपण परमेश्वरावतार म्हणून अनन्यभावे भजतो, त्यांनीच अर्जुनास युद्धास उभे केले. हा विरोध नव्हे काय? ज्यांचा पुत्र सैन्यात आहे अशा एका वासनिक गृहस्थांनी हा प्रश्न मोठ्या कळवळ्याने विचारला. तो टाळण्याजोगा नाही.

सूत्राचा अर्थ लावताना आधी प्रकरण पाहावे, ही आपल्या पूर्वाचार्यांची शिस्त आहे. वचन कोणाप्रति निघाले, कोठे, कोणत्या निमित्ताने? गीतेलाही हीच शिस्त लावावी. अर्जुनास विषाद झाला तो हिंसेचा नव्हे. विराटाच्या गोग्रहणात याच भीष्मद्रोणांवर त्याने बाण सोडले होते, तेव्हा त्याचे गांडीव गळाले नव्हते. कुरुक्षेत्री त्यास ‘माझे’पणाने ग्रासले. त्या मोहाचे निरसन हे गीतेचे प्रकरण होय.

आणि तेच श्रीमुख उद्धवास काय आज्ञापिते? यादवकुळाचा अंत समीप आला होता. तरी ‘शस्त्र घे, कुळ राख’ असे देव म्हणाले नाहीत. सर्वसंग टाकून बदरिकाश्रमी जाण्यास सांगितले. भास्करभट्ट बोरीकरांनी आपल्या ‘उद्धवगीते’त हेच प्रकरण मराठीत आणले. अर्जुनाची आज्ञा उद्धवाने घेतली असती तर तो बुडाला असता. उद्धवाची अर्जुनाने घेतली असती तर ते वैराग्य नव्हे, पलायन झाले असते. गीता मुखोद्गत आणि एकादश स्कंध बासनात, अशी आपली आजची स्थिती आहे, म्हणून हा घोटाळा होतो.

आता शांतीविषयी. उद्योगपर्वात शांतीची भाषा दोघे बोलतात. धृतराष्ट्राचा निरोप घेऊन संजय येतो आणि युधिष्ठिरास सांगतो की युद्धाने राज्य मिळवण्यापेक्षा भिक्षा मागणे बरे. वचन गोड आहे. परंतु पदरात काय घातले? काहीच नाही. ज्याचे हरण झाले त्यालाच शांतीचा उपदेश, आणि हरण करणाऱ्यास एक शब्द नाही! उलट पांडव अर्ध्या राज्यावरून पाच गावांवर उतरले : अविस्थल, वृकस्थल, माकंदी, वारणावत आणि पाचवे कोणतेही. ती मागणी पदरी असता श्रीकृष्णचक्रवर्ती स्वतः शिष्टाईस गेले. सुईच्या अग्राइतकी भूमीही नाकारली गेली, त्यानंतरच रणभेरी वाजली. बलराम मात्र तटस्थ राहून तीर्थाटनास गेले. पण भीमदुर्योधनांच्या गदायुद्धास आले आणि नांगर उगारून भीमावर धावले. त्यांना आवरले ते श्रीकृष्णांनीच.

त्या गृहस्थांना मी सांगितले की आपला पुत्र अर्जुनाच्या प्रकरणात उभा आहे, आपण नाही. त्याने चित्तात वैर धरू नये, शरणागतावर आणि निःशस्त्रावर हात उचलू नये, नामस्मरण सोडू नये. हिंसेचा लेप त्यास लागत नाही असे मी म्हणणार नाही. तो निवाडा परमेश्वराचा. घरी बसून युद्धाच्या वार्ता चवीने ऐकणाऱ्यास मात्र गीतेचा लेशमात्र आधार नाही. आणि आम्ही भिक्षुकांनी तर उद्धवाची आज्ञा पत्करली आहे. आमच्या मुखी कोणत्याही पक्षाचा जयघोष शोभत नाही.

शिष्टाईच्या वेळी दुर्योधनाचे भोजन नाकारून देव विदुराघरी उतरले होते. रात्री विदुराने विचारले, हे ऐकणार नाहीत हे उघड असता आपण आलात कशाला? देवांनी सांगितले ते असे : अकार्यास निघालेल्या मित्रास केस धरूनही जो मागे ओढत नाही तो मित्र नव्हे; आणि यथाशक्ति यत्न करूनही कार्य सिद्धीस गेले नाही तरी यत्नाचे पुण्य जात नाही. प्रातःकाळी ते कौरवसभेत गेले.