पुस्तक : मालकी की अमानत?

एखादे सुंदर पुस्तक मोजक्याच लोकांना मिळावे म्हणून त्याच्या प्रती मुद्दाम कमी छापल्या, तर त्यात गैर काय? दागिन्याबाबत हा प्रश्न कोणी विचारणार नाही. दागिना एकाच्याच अंगावर असतो. पुस्तक मात्र वाचले गेले तरच पुस्तक. तरीही जगात असे शौकीन आहेत, जे हातछपाईच्या छोट्या खासगी छापखान्यांतली, क्रमांक घातलेली पुस्तके भारी किंमत मोजून जमवतात. त्यातली कित्येक पुढे कोणी उघडतही नाही. आम्ही फळ्यापुढे उभे राहणारी माणसे. हे ऐकून आम्हाला आधी रागच येतो. पण राग म्हणजे उत्तर नव्हे.

या परंपरेतले मोठे नाव विल्यम मॉरिस यांचे. लंडनच्या हॅमरस्मिथ भागात त्यांनी १८९१ साली केल्मस्कॉट प्रेस सुरू केला. यंत्राच्या स्वस्त छपाईने अक्षराचे सौंदर्य मारले, असे त्यांना वाटे. म्हणून हातकागद, हाताने चालणारा दाबयंत्र-छापखाना आणि स्वतः आखलेली अक्षरे. त्यांनी छापलेला कवी चॉसरचा ग्रंथ १८९६ साली निघाला. कागदावरच्या प्रती ४२५, चर्मपत्रावरच्या १३. कागदी प्रतीची किंमत २० पौंड. मॉरिस समाजवादी होते, कष्टकऱ्यांच्या सभांतून बोलत. पण त्यांचे पुस्तक कष्टकऱ्याला परवडत नव्हते. त्यांना ढोंगी म्हणणे सोपे आहे. आम्हाला ते तसे वाटत नाहीत. चांगले काम वेळ खाते, आणि हातांनी केलेले काम थोडेच होते. कातिबाने वर्षभर बसून लिहिलेला ग्रंथही एकच असे. तिथे दुर्मीळपणा मेहनतीतून येतो.

दुर्मीळ असणे वेगळे आणि दुर्मीळ करणे वेगळे. हॅमरस्मिथमध्येच १९०० साली कॉबडेन-सँडरसन आणि एमरी वॉकर यांनी डव्हज प्रेस काढला. त्यांच्या बायबलमध्ये वेलबुट्टी नव्हती, चित्रे नव्हती. होती ती फक्त देखणी अक्षरे. पुढे दोघांचे बिनसले. १९०९ साली करार झाला, की छपाईचे खिळे हयातभर कॉबडेन-सँडरसन यांच्याकडे राहतील आणि त्यांच्यानंतर वॉकर यांना मिळतील. पण आपली अक्षरे उद्या यंत्रावर चढतील, हे त्यांना सोसवेना. १९१६ च्या ऑगस्टपासून १९१७ च्या जानेवारीपर्यंत रात्रीच्या अंधारात ते हॅमरस्मिथच्या पुलावर जात आणि खिळे थेम्स नदीत टाकत. अशा रीतीने एक टनाहून अधिक धातू बुडाला. २०१४ साली पाणबुड्यांच्या मदतीने त्यातले सुमारे दीडशे खिळे हाती लागले.

यात सौंदर्याचे प्रेम नव्हते, असे कोण म्हणेल? प्रेम होतेच, पण अमानत मोडली. आपल्या बोलीत अमानत या शब्दात दोन गोष्टी येतात. वस्तू जपायची, आणि ती हक्कदारापर्यंत पोहोचवायची. पहिली केली आणि दुसरी टाळली, तर ती खयानतच. कपाटात पुस्तक बंद करणारा शौकीन निम्मी अमानत तरी पाळतो. वाळवी, ओल आणि रद्दीवाला यांच्यापासून तो पुस्तक वाचवतो. हे उपकार विसरून चालणार नाही. मग उरलेली निम्मी कोण पाळणार?

याचे उत्तर आपल्याच देशात आहे. मॉरिस यांनी छापखाना काढला त्याच १८९१ साली पाटण्यात वकील खुदाबख्श खान यांनी आपला ग्रंथसंग्रह लोकांसाठी खुला केला. वडिलांनी मागे ठेवलेली चौदाशे हस्तलिखिते त्यांनी चार हजारांच्या घरात नेली. शौक तोच, ओढ तीच. ग्रंथाच्या मागे ते माणसे धाडत. पण ग्रंथालय सर्वांचे व्हावे, ही वडिलांची इच्छा त्यांनी पुरी केली. ब्रिटिश म्युझियमने मोठी रक्कम देऊ केली होती, ती त्यांनी नाकारली, असे सांगतात. १९०८ साली ते वारले. कबर ग्रंथालयाच्या आवारातच आहे. जमवणारा हात आणि देणारा हात एकाच माणसाचे असू शकतात, हे त्यांनी दाखवले.

सुंदर छपाई म्हणजे श्रीमंतांचेच काम, असेही नाही. जर्मनीत शिकणाऱ्या झाकीर हुसेन यांनी १९२५ साली बर्लिनच्या कावियानी प्रेसमध्ये दिवान-ए-गालिब छापून घेतला. खिळे स्वतः जुळवले, असे म्हणतात. पुस्तक लहान, खिशात मावणारे. सुंदर होते आणि सोबत बाळगता येत होते.

लंडनच्या शौकिनांना नावे ठेवताना आपणही आपल्या घरात डोकावावे. आपल्यावर उतरलेला पहिला हुकूम वाचण्याचा; आणि आपल्या घरातली किताब रेशमी जुजदानात, हात पोहोचणार नाही अशा उंच ताकात. अदब हवीच, पण धूळ झटकण्यापुरतीच ती खाली येत असेल, तर तीही मर्यादित प्रतच झाली. आमच्या कितीतरी शाळांत पुस्तकांच्या कपाटाला कुलूप असते. एखादे हरवले तर जबाब कोण देणार, ही धास्ती. पुस्तके कोरी राहतात, मुलेही कोरी राहतात.

म्हणून किंमत किती आणि प्रती किती, हा खरा प्रश्न नव्हे. पुस्तक आपल्या हातून पुढे कोणाच्या हाती जाणार, हा आहे. वाचून मळलेल्या, कोपरे दुमडलेल्या पुस्तकाला बाजारात भाव नसेल. पण न वाचताच जपलेल्या पुस्तकांचा हिशेब कोणी मागितला, तर आपण काय सांगणार?