थिएटर रडलं

हेरोडोटसच्या इतिहासात एका ठिकाणी थिएटर रडतं. माणसं नव्हेत, थिएटर. मिलेटस हे आयोनियन ग्रीकांचं समुद्राकाठचं शहर इराण्यांनी इ.स.पू. ४९४ मध्ये पाडलं. बहुतेक पुरुष मारले, बायकामुलं गुलाम म्हणून नेली. मिलेटसचे लोक म्हणजे अथेन्सचे भाऊबंदच, त्यामुळे अथेन्सला ते घरातलं मरण वाटलं. पुढे फ्रिनिकस नावाच्या नाटककारानं त्यावर शोकनाटक बसवलं आणि प्रयोगात सगळं थिएटर रडायला लागलं. अथेन्सनं फ्रिनिकसला १००० द्राख्मा दंड केला. आपलीच दुःखं आपल्याला पुन्हा दाखवली, हा त्याचा गुन्हा. ते नाटक यापुढे कुणीही करायचं नाही, असाही हुकूम निघाला.

मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. नोकरी सगळी तिथेच गेली. ‘थेटर’ म्हटलं की मला आजही आधी ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या कापडाचा ऊन, दमट वास येतो आणि टाके घालण्याआधी मॉप मोजणारा माझाच आवाज ऐकू येतो. नाटक नंतर आठवतं. म्हणून निवृत्तीनंतर वाचताना हा दंडाचा प्रसंग समोर आला, तेव्हा तो मला परका वाटला नाही. आपल्याच माणसाचं दुःख बघता येतं का, आणि बघावं का, हा प्रश्न आमच्या दाराबाहेरच्या बाकावर रोज बसलेला असायचा.

ग्रीक ‘थेआट्रॉन’ म्हणजे बघण्याची जागा. टेकडीच्या उतारावर लोक बसत, तो उतार म्हणजे थिएटर. खाली नाचायची मोकळी जागा ती ‘ऑर्केस्ट्रा’, तिच्या मागची राहुटी ती ‘स्केने’. म्हणजे थिएटर हा शब्द आधी बघणाऱ्यांचा, आणि हेरोडोटसनं तो थेट त्या माणसांसाठीच वापरला. याच कुळातला ‘थेओरिया’. दुसऱ्या नगरीच्या देवाचा उत्सव बघायला आपल्या नगरीतर्फे जाणं, हा त्याचा एक जुना अर्थ. पुढे प्लेटो आणि अ‍ॅरिस्टॉटलनं सत्याच्या दर्शनासाठी तोच शब्द घेतला. अथेन्सला अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर डायोनिससचं थिएटर आहे. तिथे पहिल्या रांगेत मधोमध देवाच्या पुजाऱ्याचं संगमरवरी आसन आजही दिसतं. नाटक बघणं हा त्या देवाच्या उत्सवाचाच भाग होता. बघणं इतकं जड काम असेल, तर ते सगळ्यांना कसं जमावं?

आमच्या थिएटरातही एकेकाळी बघणारे होते. इटलीत पादुआला १५९४ साली शरीरशास्त्रासाठी लाकडी थिएटर उभारलं गेलं. एकावर एक सहा लंबगोल कठडे, त्यांवर दाटीनं उभे विद्यार्थी आणि तळाशी टेबलावर प्रेत. लंडनमध्ये १८२२ साली एका चर्चच्या माळ्यावर स्त्रियांच्या शस्त्रक्रियांसाठी थिएटर झालं. त्या बायका जिवंत होत्या, भुलीचं औषध अजून यायचं होतं आणि चहूबाजूंनी विद्यार्थी बघत उभे. त्या बायकांचा विचार आला की मला वाचन थांबवावं लागतं. जंतूंचं ज्ञान झाल्यावर बघ्यांना बाहेर काढलं गेलं, ते बरंच झालं.

नातेवाईक मात्र विचारायचेच. “सिस्टर, कोपऱ्यात उभी राहते, नुसती बघते.” मी जंतुसंसर्गाचं कारण सांगायची. ते खरंच होतं, पण पुरतं नव्हतं. हिरव्या कापडांनी सगळं अंग झाकून वीतभर कातडी उघडी ठेवतो, त्यामागे स्वच्छता असते, तसा आणखी एक उपयोगही असतो. ते पोट कुणाच्या आईचं आहे हे तेवढा वेळ कुणाला दिसू नये. माझ्या भावाचं अपेंडिक्स काढायचं होतं, तेव्हा सरांनी मला बाहेर बसवलं. मी रागावले. पण दारापलीकडून सक्शनचा आवाज आला आणि माझे हात थरथरायला लागले. त्या हातांत कुणी ट्रे दिला नाही, हेच योग्य.

हजार वर्षांपूर्वी काश्मिरात अभिनवगुप्तानं रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. समोरचं दुःख फक्त माझंच आहे किंवा फक्त त्याचंच आहे असं धरून बसणं, हे त्यातलं एक. आपल्याच सुखदुःखात बुडून जाणं, हे दुसरं. यातल्या ‘फक्त त्याचंच’ या विघ्नाकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. परक्याचं म्हणून कोरडेपणानं बघणाराही आंधळाच, असं त्याचं म्हणणं मी वाचते. चांगल्या सर्जनला मी कोरडं कधी पाहिलं नाही.

नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातली गोष्ट तर फ्रिनिकसच्या शेजारी ठेवावी अशी. इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला प्रयोग झाला, विषय देवांनी दैत्यांवर मिळवलेला विजय. दैत्य खवळले. त्यांच्या बाजूच्या विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल, स्मृती सगळं थिजवलं. मग विश्वकर्म्यानं नाट्यगृह बांधलं. मला दैत्यांची बाजू कळते. आपला पराभव बघायला कोण बसेल? ब्रह्मदेवानं त्यांना हाकललं नाही, समजावलं: यात एकट्या तुमचं किंवा देवांचं नाही, तिन्ही लोकांचे भाव आहेत. अथेन्सनं दंड केला तिथे ब्रह्मदेव बोलत बसला, हे मला फार मोठं वाटतं.

पण त्याच अथेन्समध्ये इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलस या नाटककारानं ‘पर्शियन्स’ केलं. ग्रीकांनी इराण्यांना हरवलं त्या सालामिसच्या लढाईला जेमतेम आठ वर्षं झालेली. एस्किलस स्वतः इराण्यांविरुद्ध मॅरेथॉनला लढलेला, त्याचा भाऊ तिथेच पडलेला. आणि नाटक घडतं सूसात, शत्रूच्या राजवाड्यापाशी. मेलेल्या इराणी सरदारांची नावंच नावं, ग्रीक माणसाचं एकही नाव नाही. काही जण याला जेत्यांचा उन्माद म्हणतात. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण इराणचा राजा झर्क्सिस याची आई. निरोप्या येतो तेव्हा ती मुलाचं नाव घेत नाही. सरदारांपैकी कोण वाचलं, एवढंच विचारते. निरोप्या ओळखतो आणि आधी सांगतो की झर्क्सिस जिवंत आहे. मेलेल्या सरदारांची नावं त्यानंतर. आमचे जुने सर असेच दार उघडून आधी “जिवंत आहे” म्हणायचे, मग पुढचं. बाकावरच्या बायाही रुग्णाचं नाव घ्यायच्या नाहीत, “किती वेळ लागेल अजून?” एवढंच विचारायच्या. हे शत्रूच्या आईत दिसायला किती बघावं लागलं असेल!

एस्किलसच्याही आधी ही वाट फ्रिनिकसनंच काढली होती. झर्क्सिसच्या पराभवावर त्यानं ‘फिनिशियन स्त्रिया’ हे नाटक इराणी दरबारात घडवलं आणि एस्किलसनं आपलं नाटक त्याच्यावरून घेतलं, असं जुने टीकाकार नोंदवतात. अथेन्सचा दंड तरीही मला अन्यायाचाच वाटतो. बाकावर बसून रडणाऱ्याला मी कधी उठवलं नाही, आत मात्र येऊ दिलं नाही. मिलेटससाठी रडणाऱ्यांना बसायला त्या उताराशिवाय दुसरा बाक नव्हता, आणि नगरीनं तोही काढून घेतला. ‘पर्शियन्स’ आज पूर्ण वाचता येतं. मिलेटसचं नाटक कुठेच उरलेलं नाही.