ओळखता यायला हवं



चांदूर रेल्वे आपल्या अमरावती जिल्ह्यातलंच. 2020 च्या फेब्रुवारीत तिथल्या एका कॉलेजात मुलींना शपथ दिली गेली, प्रेमविवाह करणार नाही अशी. त्यामागे काळजी असेलही. पण शपथेनं माणूस ओळखता येत नाही. आणि तो ओळखता यायला हवा. ठरवून झालेल्या लग्नातही!

एखादा रोज तुझा फोन तपासतो. मैत्रिणी तोडायला लावतो. वर म्हणतो, प्रेम आहे म्हणून. बाई गं, हा पहारा आहे. तुझ्या नकारावर जो रुसेल, पण धमकावणार नाही, त्याच्याशी बोलता येतं. हा फरक ओळखता यायला हवा.

हे मुलांनाही शिकवा. खरं तर त्यांना आधी.

आईबाबांनो, लेक असं काही सांगायला आली तर रागावू नका. ऐका. आणि मुलींनो, घरी सांगता येत नसेल, तर 181 ही महिला हेल्पलाइन रात्रीही फोन उचलते.