उसने गाणे

दुसऱ्याने लिहिलेली, दुसऱ्याने चाल लावलेली आणि तिसऱ्याने लोकांच्या ओठी बसवलेली गाणी गाऊन टाळ्या व बिदागी मिळवावी, हे प्रामाणिकपणाचे आहे काय? प्रश्न वरवर हलका वाटतो. पण गावोगावच्या सभागृहांत जुन्या चित्रपटगीतांचे ऑर्केस्ट्रा गर्दी खेचतात आणि आपल्या मंडळीतील तरुणही त्यांत गातात-वाजवतात, तेव्हा तो टाळून चालणार नाही.

मोहम्मद रफी ३१ जुलै १९८० रोजी निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या अशाच एका कार्यक्रमास मी गेल्या पावसाळ्यात गेलो होतो. गाणारे गृहस्थ दिवसा एका कचेरीत कारकून. पण डोळे मिटून ऐकावे तर रफीच गात आहेत असा भास व्हावा. मध्यंतरात चहा घेताना शेजारचे वयस्कर गृहस्थ म्हणाले, “गातात छान हो, पण यात त्यांचे स्वतःचे काय?”

याचे पहिले उत्तर असे, की शिकण्याची वाट नकलेवरूनच जाते. १९४५ सालच्या ‘पहली नजर’ चित्रपटातील मुकेश यांचे गाणे ऐकताना सैगलच गात आहेत असे वाटते. किशोरकुमारही आरंभी सैगलांच्याच वळणाने गात. पुढे दोघांनाही आपापला गळा सापडला. मूल आईचे बोल उचलूनच बोलू लागते. त्याला कोणी चोर म्हणत नाही.

मग उसने घेणे आणि चोरणे यांत फरक कोणता? वस्तू दोन्हीकडे परक्याचीच. उसने घेणारा धन्याचे नाव सांगतो, चोर ते लपवतो. शेजारणीकडून वाटीभर साखर आणणारी बाई ती साखर कोणाची हे विसरत नाही.

आपल्या कायद्यानेही हे काही अंशी ओळखले आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. जुने गाणे नव्या आवाजात ध्वनिमुद्रित करून विकायचे, तर मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष संपल्यावर पाच वर्षे थांबावे लागते, मानधन भरावे लागते आणि ही नवी आवृत्ती आहे असे वेष्टनावर स्पष्ट छापावे लागते. गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये आणि हक्कदाराला मोबदला मिळावा, एवढे कायदा पाहतो. उपकार स्मरावेत हे तो सांगत नाही. ते काम विवेकबुद्धीचे.

आणि उपकारकर्ते तरी किती! त्या रात्री निवेदक प्रत्येक गाण्याआधी चित्रपट, गीतकार व संगीतकार यांची नावे घेत होता. हे खचित चांगले. पण शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील व्हायोलिनांचा तो भरदार मेळ ज्यांनी स्वरलिपीत लिहून वादकांपुढे ठेवला, त्या गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझा यांचे नाव किती श्रोत्यांना ठाऊक असते? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात गुरूंचे नाव आले आणि ते घरोघरी पोहोचले. तरीही ते एका खऱ्या वादकाचे नाव आहे, हे गुणगुणणाऱ्यांपैकी थोड्यांनाच माहीत असेल. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत अशा कितीतरी वादकांना जागा मिळाली नाही. त्यांच्या कष्टांवर आपण अजून आनंद लुटतो.

आता आपल्या घराकडे वळू. धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी हौशी मंडळाने केलेल्या गायनाच्या कार्यक्रमास हाच कायदा सूट देतो. पण पैशाची सूट मिळाली म्हणून ऋण फिटले असे होत नाही. पौलाने रोमकरांस लिहिताना ज्याचे देणे त्याला देऊन टाकण्यास सांगितले. त्या देण्यांत कराबरोबर सन्मानही आहे. ‘उपासना संगीत’मधील नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) गीते आपल्या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या गाइली जातात. पण ती कोणी लिहिली, असे शब्बाथशाळेतील मुलांना विचारून पाहा. बहुतेक मुले पेटी वाजवणाऱ्या बाईंकडे बोट दाखवतील! तो दोष मुलांचा नव्हे. आपण गीताचा क्रमांक सांगतो, कवीचे नाव सांगत नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी येत्या रविवारपासून एवढेच करावे. गीत सुरू करण्यापूर्वी ते कोणी रचले, चाल कोठून आली, हे दोन वाक्यांत सांगावे. ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या तरुणांनीही तेच करावे; गीतकार-संगीतकारांबरोबर एखाद्या वादकाचेही नाव घ्यावे. त्या वयस्कर गृहस्थांच्या प्रश्नाला मी एवढेच म्हणेन, की गाणे त्या गायकाचे नव्हते, पण रियाज त्याचा होता आणि ज्याचे श्रेय त्याला देण्याची वृत्तीही त्याची असू शकते. नवे गाणे फार थोड्यांना सुचते. बाकीच्यांनी उसनेच गावे, मन लावून गावे आणि ते कोणाचे हे सांगावे.