शंका विचारायची कुणाला?

पुणे जिल्ह्यात वेल्ह्याहून केळदकडे जाताना पासली हे गाव लागतं. डोंगर, बेफाम पाऊस आणि भाताची खाचरं. राब कसा भाजावा, रोपं कधी लावावीत, याबद्दल इथं कुणी चुकीचं सांगितलं तर ते श्रावणापर्यंत उघडं पडतं, कारण खाचर साऱ्या वाडीला दिसतं. शरीरसंबंधांबद्दलच्या समजुतींना अशी चारचौघांतली परीक्षा कधी द्यावीच लागत नाही. लोक अडाणी म्हणून गैरसमज टिकतात, हे मला मान्य नाही. पुण्यामुंबईच्या पदवीधरांच्या डोक्यातही हेच असतं.

‘धात जाते’ हीच तक्रार घ्या. सकाळी लघवी पांढुरकी दिसली की पोरगा हादरतो. बहुतेकदा ते फॉस्फेटचे क्षार असतात. पण वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे चाळीस थेंब, हे त्यानं कुठंतरी ऐकलेलं असतं. मग लावणीच्या दिवसांतला थकवा, अभ्यासात न लागणारं मन, सगळं त्याच खात्यावर जमा होतं. भीतीनं झोप उडते, झोप नाही म्हणून अंग गळतं आणि गळालेलं अंग समजूत खरी ठरवतं. १९६० मध्ये डॉ. नरेंद्र विग यांनी या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. सप्तधातूंत शुक्र शेवटचा, सर्वांचं सार, ही आयुर्वेदाची मांडणी त्यामागे आहेच; पण हे आपल्यापुरतं नाही. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडच्या तिसो या डॉक्टरनं हस्तमैथुनाची अशीच धास्ती युरोपला घातली होती.

बायकांचं दुखणं याहून मुकं. अंगावरून पांढरं जातं म्हणून हाडं झिजतात, असं एकमेकींना सांगितलं जातं. पांढरं जाणं पुष्कळदा नैसर्गिक असतं, कधी जंतुसंसर्ग असतो. कंबर मोडते ती बऱ्याचदा अंगातलं रक्त कमी असल्यानं आणि कामानं. मुलगी झाली की बोल बाईलाच. गर्भाचं लिंग पुरुषाच्या शुक्रजंतूवर ठरतं, हे शाळेच्या पुस्तकात असूनही!

आपल्याकडे या शंकांना उघड उत्तरं देणारा माणूस होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. संततिनियमनाच्या कामापायी त्यांची गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली. १९३४ मध्ये खटला झाला तो हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झाला. त्यांच्यावर अन्याय झालाच. पण मला जास्त टोचतं ते हे की, प्रश्न विचारणाऱ्यांनीही त्यातून धडा घेतला असेल. पुढं २००७ मध्ये शाळांतल्या लैंगिक शिक्षणावरून महाराष्ट्रात गदारोळ उठला, तेव्हाही विरोधकांचा रोख शिकवण्यावरच होता. गुप्तरोगांवर हमखास इलाजाच्या जाहिरातींनी भिंती रंगत होत्या. त्यांच्याविरुद्ध १९५४ पासून कायदा असूनही तेवढा आवाज कुणी काढला नाही.

भिंतीवरचा वैद्य जिंकतो, कारण तो पोराला लाजवत नाही. दार लावून ऐकून घेतो, मग लुबाडतो. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढतानाच चारजण मागं उभे असतात आणि त्यातला एक चुलता असतो. आशाताई घरोघर जातात, पण अठरा वर्षांचा मुलगा गावातल्याच वहिनीला हे विचारणार नाही. किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकची सोय कागदावर आहे. ती डोंगरातल्या मुलांच्या उपयोगी पडायची तर आठवड्यातून एक संध्याकाळ, वेगळी खोली, मुलांसाठी पुरुष आणि मुलींसाठी स्त्री समुपदेशक, तेही गावाबाहेरचे, आणि दारात नाव न विचारण्याची हमी, एवढं तरी द्यायलाच हवं.