न पाहण्याचा अपराध

जें माणसास ठाऊक नव्हतें त्याबद्दल त्यास दोषी धरतां येईल काय, हा नीतिशास्त्रांतील एक जुना प्रश्न आहे. व्यवहारांत आपण त्याचें उत्तर नकारार्थी देऊन मोकळे होतों. ‘मला माहीत नव्हतें’ एवढें म्हटलें कीं ऐकणारा नरमतो आणि बोलणाऱ्याच्या मनावरील भारहि उतरतो. परंतु हें उत्तर वाटतें तितकें सरळ नाहीं. तें कोठें चुकतें हें दाखविण्यासाठीं आम्ही वाचकांस एका अगदीं साध्या गोष्टीचा, म्हणजे मोटारीच्या ब्रेकमधून गळणाऱ्या तेलाचा, विचार करावयास सांगणार आहों.

चालकानें पेडल दाबलें कीं मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांतून चाकांपर्यंत रेटलें जातें. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखा पसरतो, हा सतराव्या शतकांत पास्कलनें सांगितलेला नियम येथें उपयोगी पडतो. १९२१ सालच्या अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग मोटारींत चारी चाकांना असे ब्रेक होते. नियमाची अट मात्र एकच आहे: द्रव बंदिस्त असला पाहिजे. झिजलेली एखादी रबरी वाटी किंवा गंजून छिद्र पडलेली एखादी नळी एवढ्यानें ती अट मोडते.

तेलाच्या लहान डब्यावर पातळीच्या दोन खुणा असतात. पातळी खालच्या खुणेशीं आली कीं बाटली आणून भर घालावी, हा सर्वांत सोपा उपाय. आतां पातळी उतरणें हा नेहमींच बिघाड असतो असें नव्हे. ब्रेकचे पॅड झिजले कीं पिस्टन पुढें सरकतो आणि रिकाम्या झालेल्या जागेंत तेल जातें, त्यामुळेंहि पातळी हळूहळू उतरते. म्हणजे चिन्ह एकच, पण अर्थ दोन. एक निरुपद्रवी आणि एक प्राणघातक. न तपासतां भर घालणारा मनुष्य यांपैकीं कोणता अर्थ खरा हें ठरवीत नाहीं. तो फक्त चिन्ह पुसून टाकतो.

तपासणें कांहीं कठीण नाहीं. धाराशिव जिल्ह्यांतील वाशी हें तालुक्याचें गांव. सोलापूर–धुळें राष्ट्रीय महामार्ग या तालुक्यांतून जातो. अशा गांवचा कोणताहि जाणता मिस्तरी ही पाहणी थोड्या वेळांत करून दाखवील. गाडी सपाट जागीं उभी करून तिच्याखालीं कोरे पुठ्ठे अंथरावे, इंजिन चालू ठेवावें आणि पेडल जोरानें दाबून धरावें. तें पायाखालीं खचूं लागलें तर दाब कोठें तरी निसटत आहे असें समजावें. मग कोणत्या चाकाजवळ डाग पडला तें पाहावें; चाकांची आंतली बाजू, रबरी नळ्या, मास्टर सिलिंडरचा सांधा, हें सर्व बोटांनीं चाचपावें. कोठेंच ओल नाहीं आणि तरी पेडल खचतें, असाहि प्रकार घडतो. त्या वेळीं मास्टर सिलिंडरमधील वाटी झिजून तेल आंतल्या आंत मागें सरकत असतें. गाडी वरून कोरडी दिसते, एवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाहीं.

दोष सांपडल्यावर तो झांकून भागत नाहीं. फुटकी नळी बदलावीच लागते. इंजिनचें तेल येथें कदापि घालावयाचें नाहीं, कारण त्यानें रबरी वाट्या सुजतात. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, यास्तव तें सीलबंद बाटलींतलें हवें. शेवटीं नळ्यांत शिरलेली हवा काढावी लागते. हवा दाबली जाते, तेल दाबलें जात नाहीं. आजच्या मोटारींत तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, म्हणून एक निकामी झाला तरी दुसऱ्याच्या बळावर गाडी, अधिक अंतर घेऊन कां होईना, थांबते. ही योजना सावधगिरीपोटीं झाली. निष्काळजी मनुष्य तिचाच आधार घेऊन दुरुस्ती पुढें ढकलतो.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं एका निबंधांत जहाजाच्या मालकाचा दृष्टान्त दिला आहे. जहाज जुनें झाल्याची शंका मालकास आली होती. ती त्यानें दाबली, आणि जहाज सुखरूप जाईल असा प्रामाणिक विश्वास स्वतःच्या मनांत उत्पन्न केला. जहाज बुडालें. क्लिफर्डच्या मतें मालक दोषी आहेच. पण जहाज तरलें असतें तरीहि तो तितकाच दोषी ठरला असता. आपला १९८८ चा मोटार वाहन कायदाहि १९० व्या कलमांत, चालकास ठाऊक असलेला किंवा साधारण काळजी घेतल्यास कळूं शकला असता असा धोकादायक दोष, या दोहोंना एकाच पंक्तीस बसवितो. अपघात झाला तर शिक्षा मात्र वाढते. कायद्यास झालेली हानि मोजावी लागते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु सारखाच निष्काळजीपणा करणाऱ्या दोघांपैकीं एकाच्या वाटेंत कोणी आलें आणि दुसऱ्याच्या आलें नाहीं, एवढ्यावरून दुसऱ्यानें स्वतःस निरपराध समजूं नये.

येथें कोणी म्हणेल कीं, सर्वच गोष्टी तपासत बसलें तर आयुष्य पुरणार नाहीं. हा आक्षेप खरा आहे. डोक्यावरची तुळई, विहिरीचा कठडा, वैद्यानें दिलेली पुडी, यांवर विश्वास ठेवल्यावांचून संसार चालत नाहीं. परंतु सर्व कांहीं तपासावें असें आमचें म्हणणें नाहीं. चिन्ह दिसल्यावर डोळे फिरवूं नयेत, एवढेंच आहे. चिन्ह दिसेपर्यंतचें अज्ञान हें नुसतें अज्ञान; त्यानंतरचें अज्ञान आपण स्वतः निवडलेलें असतें. शिवाय ती निवड आपण एकट्यापुरती करीत नाहीं. हिवाळ्यांत याच रस्त्यांवर उसानें भरलेल्या गाड्या असतात. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येरमाळ्याच्या येडेश्वरीकडे भाविक पायीं जातात. आपल्या डब्यांतील तेल कां उतरलें, हें त्यांनीं कोणास विचारावें?

गळती वेळींच शोधणाऱ्याची कोणी वाहवा करीत नाहीं. टळलेला अपघात कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. आपल्या अंगावरून गेलेल्या गाडीचा ब्रेक कालच दुरुस्त झाला, हें त्या पायीं चालणाऱ्या भाविकास कधींच कळणार नाहीं. त्यास तें कळण्याचें कारणहि नाहीं. तें जाणून घेणें हें गाडी चालविणाऱ्याचें काम होतें.